रांगेलची झिजलेली चाळीस वर्षं

गावातल्या पोरांना मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यामुळे अक्षरांच्या बाबतीत अख्ख्या बल्गेरियात माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या मार्चात, एका शनिवारी अकराच्या सुमारास ती मोडीत निघाली.

माझा मित्र रांगेल अकॉर्डियन वाजवतो आणि पोरांना शिकवतोही. वादनाला चाळीस वर्षं झाली म्हणून सभागृहात कार्यक्रम ठरला. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर वर्ग बंद, असं त्यानं मला बजावलं, आणि शिकवणीला सुट्टी देऊन महिनाभर टेकडीवरच्या घरात सराव करत बसला. मी म्हटलं, पोस्टर माझ्यावर सोड, खुर्च्या कमी पडतील!

अक्षरं मी निवडली ती मोडकी. कडा कुरतडलेल्या, शाई मधूनच उडालेली, जणू भिंतीवर दहा हिवाळे काढलेत. वर रांगेलचा काळापांढरा फोटो, खाली नाव, मग भला मोठा ४०, शनिवार, अकरा. 'वर्षं', 'वादन', 'सभागृह' हे सगळं बारीक. कागद मी खांबांवर, बसथांब्यावर, फाटकांवर चिकटवले.

आता आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो नेमका तिथेच लागतो, आणि चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना असते, तेव्हा पुन्हा लागतो. त्यात मोडकं अक्षर मोठं असलं की देखणं दिसतं, पण बारीक केलं की उंदरानं खाल्ल्यासारखं. बारीक ओळीतलं एक अक्षर कुणाला लागलं नाही.

शनिवारी ऐंशी खुर्च्यांसमोर रांगेल कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसला. श्रोते दोन: मी आणि त्याची नऊ वर्षांची विद्यार्थिनी नेदा. सव्वाअकराला मी बाहेर धावलो. सगळं गाव चर्चच्या अंगणात होतं, काळ्या कपड्यांत, मेणबत्त्या आणि मेलेल्यांच्या नावानं वाटतात तो उकडलेला गोड गहू घेऊन. पाद्रीबाबा गोंधळून उभे. रांगेलची शेजारीण त्सोन्का आजी, तिनं माझी बाही धरली.

"चाळीस दिवस झाले आणि तू कुणाला कळवलं नाहीस, दोबरी? मित्र म्हणवतोस मेल्या!"

"आजी, तो जिवंत आहे. सभागृहात वाट बघतोय तुमची."

आजीनं डोळे पुसले, हातातल्या ताटाकडे पाहिलं. "मग एवढा गहू कोण खाणार?"

सगळ्यांना मी तसंच सभागृहात घेऊन आलो. खुर्च्या भरल्या, काही लोक उभे राहिले. मंचावर फुलं ठेवली गेली, सगळी सम संख्येत, मेलेल्यांना वाहतात तशी. रांगेलनं ती मोजली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहिलं. मग तो वाजवायला लागला, आणि लोक असे रडले की मलाही तो गेल्यासारखाच वाटला.

शेवटी त्यानं वाद्य पेटीत ठेवलं. "खुर्च्या भरल्यास, दोबरी, मानलं तुला. पण इतका चांगला निरोप मला पुन्हा मिळायचा नाही. वर्ग आजपासून बंद."

मी खूप विनवलं. नाही ऐकलं त्यानं.

हल्ली पोरांना मी सावकाश समजावतो: मोडकं अक्षर मथळ्यापुरतं, बारीक मजकूर नेहमी साध्या, स्वच्छ अक्षरात. पोरं वहीत उतरवून घेतात. नेदा आता माझ्याच वर्गात बसते. परवा तिनं हात वर केला.

"कळलं, आजोबा. पण अकॉर्डियन कधी शिकवणार?"

मी फळा पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता.