गव्हाणेभाऊंची डावी पोटरी

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रक्कम एक लाख ऐंशी हजार. त्यात एका पोटरीचं ऑपरेशन, भूल आणि एक रात्र मुक्काम. हजर तिघे: औंधमधले एक प्लास्टिक सर्जन, आमच्या सांगवीच्या सोसायटीतले गव्हाणेभाऊ आणि मी. मी बर्म्युडा घालून हजर होतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा घोळ त्यामुळेच झाला.

गव्हाणेभाऊ चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहेत. तीन कोटेशनं आल्याशिवाय हा माणूस काही घेत नाही. कंपनीत तसा नियम आहे. भाऊंनी तो घरी आणला. कोथिंबिरीचेही ते तीन भाव काढतात, आणि तिसरा भाव कळेपर्यंत पहिल्या गाडीवरची जुडी संपलेली असते. एकदा सुजलेला गाल धरून ते तीन दंतवैद्यांकडे फिरले. तिसऱ्याकडे पोचेपर्यंत दाढ दुखायची आपोआप थांबली. "बघा राव," ते मला म्हणाले, "घाई केली असती तर गेले असते पैसे."

त्यांची दुसरी खासियत म्हणजे फुल पँट. विसर्जनाला फुल पँट, धुळवडीला फुल पँट, सोसायटीची पाण्याची टाकी धुतानाही फुल पँट. मला वाटायचं, माणूस शिस्तीचा आहे. माणसं ओळखण्यात माझा अंदाज नेहमी असाच पक्का असतो.

खरी गोष्ट मला सोसायटीच्या स्पर्धेत रस्सीखेच खेळताना कळली. मी त्यांच्या मागे उभा होतो. ऐन जोरात त्यांची डावी पोटरी सरकली आणि फिरून नडगीवर आली. मी ओरडणार, तेवढ्यात भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, गप ऱ्हावा. दोरी सोडू नका." मी घाबरून नेमकी दोरीच सोडली. आम्ही हरलो. जिन्याखाली त्यांनी पँट वर केली आणि दाखवलं: पॅकिंगच्या फोमचा कापून गोल केलेला तुकडा, त्याला वेल्क्रोचे दोन पट्टे. जन्मतः त्यांचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. लहानपणी ते सरळ केलं गेलं, पण पोटरी काही भरली नाही. मनगटाएवढीच राहिली.

जानेवारीत ते घरी आले. "साहेब, अक्षय तृतीयेला गावाला जायचंय. त्याच्या आत हा पाय भरलेला दिसला पाहिजे. हे खरोखरचं ऑपरेशन असतं म्हणे. तुम्ही आकड्यांना पक्के, चला सोबत."

वहिनींना जाऊन सहा वर्षं झालेली. वय बावन्न. गावाला मुहूर्तावर जाणं. मी ताबडतोब बेरीज केली आणि आमच्या हिला सांगितलं, "भाऊ लग्न करतायत."

ही म्हणाली, "तुमची बेरीज ठेवा तुमच्यापाशी. आणि दवाखान्यात जाताना पँट घाला."

सुटीच्या दिवशी मी कोणाचं ऐकत नाही.

हा डॉक्टर तिसरा, म्हणजे कोटेशन पुरे करणारा. त्यांनी आत आल्या आल्या भाऊंच्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. गुडघ्यामागच्या घडीत छोटी चीर, आत सिलिकॉनचा साचा, काही आठवडे जपून चालायचं, असं सगळं ते मलाच समजावत राहिले. मला वाटलं, हिशेबाचा माणूस म्हणून मान देतायत. मी रुबाबात विचारलं, "एकाचा भाव कळला. दोन घेतल्या तर?"

"तीन लाख दहा हजार. आणि खरं सांगू का, तुमच्या बाबतीत मी दोन्हीच सुचवेन."

"डॉक्टर," भाऊ म्हणाले, "पेशंट मी आहे. हे अकाउंट्सचे."

डॉक्टरांनी माझ्या पायांकडे पुन्हा एकदा पाहिलं. हातचं काम गेल्याची हळहळ त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

ऑपरेशन नीट झालं. एप्रिलमध्ये भाऊंनी आयुष्यातली पहिली हाफ पँट घेतली, तीन दुकानं फिरून, आणि सकाळी बागेत फेऱ्या मारू लागले. आठवडाभर कोणी काही बोललं नाही. बोलणार काय? कोणाला काही माहीतच नव्हतं. शेवटी एका सकाळी सोसायटीतले जोशीकाका थांबले, निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "अहो, तुम्ही फार वाळलात हो. शुगर तपासा." भाऊंसारखा भरला पाय शेजारी चालत असल्यावर दुसरं काय होणार?

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही बीडच्या पुढे त्यांच्या गावी निघालो. मला का नेतायत ते भाऊंनी रस्त्यात सांगितलं. लग्नबिग्न काही नव्हतं. गावात त्यांची आई होती, ऐंशीच्या पुढची, डोळे जवळजवळ गेलेली. भाऊ पोटात असताना ती ग्रहणात विळीवर बसली होती. पोराचा पाय त्यानंच अधू झाला, असं सासूनं तिला सांगितलं, आणि तिनं ते पन्नास वर्षं धरून ठेवलं. लहानपणी ती रोज तो पाय चोळायची. अजूनही दर महिन्याला घाण्यावरच्या करडईच्या तेलाची बाटली एसटीनं पाठवायची.

"ते तेल तुम्ही लावता?" मी विचारलं.

"एकटा माणूस, किती लावणार? तुमच्याकडंच तर देत होतो."

त्या तेलात आमच्याकडे वर्षानुवर्षं भजी तळली गेली होती.

"पाय भरला, असं मी सांगितलं तर तिला पटायचं नाही," भाऊ म्हणाले. "ती म्हणंल, मन राखायला बोलतोय. तुम्ही सांगा. हिशेबाचा माणूस खोटं बोलत नाही, हे तिला ठावं आहे."

म्हातारी ओसरीवर बसली होती. भाऊंनी पाय पुढे केला. तिनं दोन्ही हातांनी पोटरी धरली आणि खालून वर दाबत गेली. गुडघ्यामागे तिचा अंगठा थांबला.

"हितं काय झालं रं?"

"काई न्हाई आई. खाजवलं."

तिनं अंगठा तिथून काढला. मग माझ्या दिशेनं तोंड केलं. "का वो सायेब, तेलानंच भरला ना?"

ऑडिटरसमोर माझी जीभ कधी अडखळलेली नाही. तिथं अडखळली.

"व्हय आई," मी म्हणालो. "तेलानंच."

तिनं पाय सोडला नाही. मांडीवर घेऊन बसली आणि हळूहळू चोळत राहिली. भाऊंनी मान दुसरीकडे वळवली होती.

संध्याकाळी तिच्या सांगण्यावरून आम्ही घाणेवाल्याचा सत्कार करायला घाण्यावर गेलो. घाणेवाल्याला काही कळेना, पण त्यानं मान खाली करून टोपी घालून घेतली. टॉवेल, टोपी आणि रोख पाचशे एक रुपये. या वेळी भाऊंनी दुसरा भाव विचारला नाही.