डायरेक्टरभाऊंचा बाक

लग्नाच्या ऐन गर्दीत तीन धडधाकट माणसं स्वच्छ पांढरे शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बाकावर बसलेली दिसली की समजायचं, जेवणाचं कंत्राट डायरेक्टरभाऊंकडे आहे. या तिघांनी बादलीला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा वाढायचं नाही. मजुरी मात्र पूर्ण. वधूपिता घामाघूम होऊन धावत असतो आणि ते त्याच्याकडे शांतपणे बघत बसतात. कुणी विचारलंच तर डायरेक्टरभाऊ म्हणणार, "सब्स्टिट्यूट हायत ते. बसू द्या."

डायरेक्टर म्हणजे सिनेमाचे नव्हेत. आमच्या गावात पूर्वी एक फुटबॉल क्लब होता. परदेशी क्लबांत स्पोर्टिंग डायरेक्टर नावाचं पद असतं, असं शामरावांनी, म्हणजे आमच्या या भाऊंनी, कुठेतरी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच त्या पदावर जाऊन बसले. चेंडूला पाय लावायचा नाही. खेळाडू हेरायचे, दुसऱ्या गावातून पळवायचे, घरच्यांना पटवायचं. एक बाप पोराला ऐन रोवणीत सोडेना, तर हे त्याच्या बदली चिखलात उतरून धान रोवू लागले. वर आम्हालाच सांगितलं, "ट्रान्सफर फी देल्ली."

हा माणूस आलापल्लीची फायनल जिंकून आला, गावाने मिरवणूक काढली, आणि त्याच महिन्यात त्याने क्लब बंद करून केटरिंग उघडलं. आम्ही थक्क झालो. ज्याला घरी चहा जमत नव्हता, तो लग्नात स्वयंपाक करणार! पण आचारी म्हणून त्यांनी आणला देवाजी, क्लबचा सेंटर फॉरवर्ड. देवाजी सगळा स्वयंपाक स्टुलावर बसून करतो. हा त्याचा थाट आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

धंदा जोरात चालला. भात मिडफील्डला, मठ्ठा डिफेन्सला. बुंदी सांडणाऱ्याला पिवळं कार्ड, म्हणजे हळदीचं बोट लावलेली त्याच लग्नाची पत्रिका. बुफेचं नाव काढलं की भाऊ तोंड वाकडं करतात. "ते बिना रेफ्रीची मॅच हाय."

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. नवरदेवाचे मामा मागच्या एका लग्नात भरल्या ताटावरून उठून गेले होते, ही बातमी माझ्यापर्यंत पोचली होती. त्यामुळे मंगलाष्टकांत माझं लक्ष नव्हतं. मामांची पंगत नीट उठली की मुलीचं नीट होणार, एवढंच मला कळत होतं.

पंगत बसली. वाढायला रोशन होता, भाऊंचा सगळ्यात तरबेज गडी. पातोडीचा रस्सा पाहून मामा चक्क हसले. त्यांनी बोटाने आणखी मागितला, रोशन वाकला, सांडलेल्या पाण्यात त्याचा पाय जरासा घसरला, आणि भर मांडवात भाऊंची शिट्टी वाजली.

रोशनने बादली खाली ठेवली. बाकावरचा एक जण उठून उभा राहिला, पण जुना माणूस बाहेर पडल्याशिवाय नवा आत येणार नाही, हा नियम. रोशन सावकाश चालत निघाला. मामांचं बोट तसंच वर. अख्खी पंगत आ वासून बघत राहिली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत जाऊन भाऊंना म्हटलं, अहो, मामा खोळंबलेत.

"मामा थांबतीन," भाऊ म्हणाले. "गुडघा नाई थांबत."

मामा उठून गेले नाहीत. बहुधा उठायचं त्यांना सुचलंच नाही. नव्या माणसाने वाढलेला रस्सा ते मुकाट्याने जेवले.

पण माझा संताप गेला नव्हता. पंगती आटोपल्यावर मी भांडायलाच मांडवामागे गेलो. रोशनचा पाय मांडीवर घेऊन भाऊ तेल चोळत होते. शेजारी स्टुलावर देवाजी, एक पाय समोर सरळ ताणलेला. मी म्हटलं, ओल्यात जरासा पाय घसरला, तेवढ्यासाठी माझी अब्रू टांगणीला लावायची? एवढी पंगत काढली असती त्याने.

भाऊंनी मान वर केली नाही.

"आलापल्लीले जीपमंदी अकराच पोरं नेले होते म्या. जादाचे काऊन न्यायचे, म्हनलं. देवाजीचा गुडघा गेला. भाऊ, मले बाहेर घ्या म्हने. बाकावर कोनीच नाई. म्या म्हनलं, जराकसा खेळ."

तेव्हा कुठे मी देवाजीच्या पायाकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं मी त्याच्या हातचं जेवत होतो आणि तो पाय वाकतच नाही, हे मला आज दिसत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, पण तुम्ही जिंकलात ना.

"जिंकलो," भाऊ म्हणाले. "मले खांद्यावर घेऊन नाचले लोक. कोनी बोललंच नाई मले काही. जिंकलो होतो ना."

देवाजीने बसल्या जागेवरून पळीभर रस्सा त्यांच्यापुढे धरला.

"मीठ पाहा, भाऊ. आपली पंगत राह्यली हाय."