जावयाच्या पाचखणी पेटीची केस

लातूर शहरात गुप्तहेर शोधायला निघालात, तर लोक आधी पोलीस ठाण्याचा पत्ता सांगतील आणि अगदीच नाइलाज झाला तर माझा. मी सुदर्शन. दिवसा शाळेत भूगोल शिकवतो, उरलेल्या वेळात बुद्धी चालवतो. नजर घारीची, तर्क वस्तऱ्याचा. गल्लीतली चोरीला गेलेली सायकल मी जागेवर बसून शोधली होती. ती चोरीला गेलीच नव्हती हे नंतर कळलं, पण तर्क बिनचूक होता. माझी सहायक म्हणजे माझी बायको सिंधू. तिला हे पद मान्य नाही.

ही केस येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची. त्या दिवशी आमच्याकडे घरांना कुलपं लागतात आणि अख्खा जिल्हा रानात जेवायला जातो. आम्ही जातो रेणापूरजवळ, सासऱ्यांच्या शेतात. सासरे किशनराव दरसाल पंगतीत एकच वाक्य म्हणतात, "जावाई लई शिकलेले हायत, पर खिळा ठोकाया माणूस लावावा लागतो." पंगत हसते. मीही हसतो आणि दुसरी भाकरी न मागता उठतो.

म्हणून यंदा मी स्वतःच्या हातानं पेटी केली. जेवणासोबत शेगडीवर पनीर, कणसं, ढोबळी मिरची भाजायचा बेत होता. त्याचं सगळं सामान एका हातानं उचलता यावं अशी पेटी: पाच खण आणि वर आडवी मूठ. खणांत सळया, चिमटा, तेलाचा ब्रश, मसाला आणि चटणी. करवतीनं अंगठा कापला, पेटीचा एक पाय आखूड निघाला, ठेवली की डुलायची. पण होती माझी. भर पंगतीत ती किशनरावांसमोर ठेवायची, एवढीच इच्छा.

शेतात पोचल्यावर पेटी आंब्याखाली ठेवली, आम्ही विहिरीकडे चक्कर मारून आलो, तर पेटी गायब! सामान मात्र घमेल्यात नीट काढून ठेवलेलं.

"चोर खानदानी आहे," मी म्हणालो. "त्याला चटणीचा मोह नाही."

"चाखून बघितली असेल," सिंधू म्हणाली. "मीठ विसरलायत तुम्ही."

तपास गुप्त ठेवणं हा माझा नियम. त्यामुळे काय हरवलंय, हे मी कुणालाच सांगितलं नाही. आधी येळवशीच्या पूजेला उभारलेल्या कडब्याच्या खोपटात, म्हणजे कोपीत जाऊन पांडवांच्या पाया पडलो. चुन्यानं रंगवलेले पाच दगड, भोवती गुंडाळलेली शाल, वर झेंडूच्या माळेची जाडजूड कमान. यंदा पांडव जरा उंचावर बसलेत, हे माझ्या घारीच्या नजरेनं टिपलं आणि सोडून दिलं. "देवा, पेटी सापडू दे," एवढं म्हणालो.

पहिला संशयित मेव्हणा बजरंग. त्यानं चहासाठी जाळ केला होता. पेटी जळाली तरी खिळे उरतात! मी राख उपसायला बसलो आणि खिळा सापडला.

"दाजी, काय करायलाव?"

"हा ओळखतोस?" मी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"हाव की! माझ्या चपलंचा हाय. सकाळधरनं हुडकायलाव मी!" बजरंगनं खिळा घेतला, माझे आभार मानले. केस सुटली होती, पण त्याची.

इतक्यात शेजारचा नरसिंग डोक्यावर काहीतरी जड घेऊन आला, वर घोंगडं झाकलेलं. मी झडप घातली. घोंगड्याखाली आंबिलीचं बिंदगं होतं, काठोकाठ भरलेली घागर. पुढच्या क्षणी आंबील माझ्या डोक्यापासून खिशापर्यंत पोचली.

"मास्तर," नरसिंग शांतपणे म्हणाला, "गिलासात मागितली असती तर दिली असती की."

मग मला किशनरावांची पांढरी बोटं दिसली. बोटांना चुना म्हणजे तंबाखू, तंबाखू म्हणजे आडोसा, आडोशाला बसायला पेटी! मी सगळे बांध धुंडाळले. किशनराव तंबाखूला शिवत नाहीत, हे मला सिंधूनं सांगितलं. बांध संपल्यावर.

पंगत मांडायला सुरुवात झाली. आता पुन्हा तेच वाक्य ऐकावं लागणार, या विचारानं मला खरोखर रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात नैवेद्य ठेवायला गेलेली सिंधू तोंडाला पदर लावून कोपीबाहेर आली.

"अहो गुप्तहेर, ती माळ कशाभोवती गुंडाळलीय, बघा जरा."

मी माळ बाजूला केली. आत मूठ. शाल उचलली. खाली पेटी. पाच खणांत पाच पांडव.

"बघितलं का?" मागून किशनराव म्हणाले. "दरसाल बिचारे भुईवर बसायचे. आंब्याखाली बघतो तर नेमके पाच खण! वाकडे खिळे बघून वळखलं, सुताराचं काम न्हाई. जावायाला सुचलं म्हणलं! तुमच्या सळया-बिळया घमेल्यात काढून ठिवल्यात." आणि शेताच्या पलीकडे ऐकू जाईल असे ओरडले, "नरसिंगा, ये बघाया! आमच्या जावायानं सोताच्या हातानं केलंय पांडवांला!"

ब्रश, चिमटा, सळया, सगळं खरं माझ्या ओठांवर आलं होतं. सिंधू माझ्याकडे बघत होती. म्हाताऱ्याचा चेहरा इतका फुललेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

"हाव मामा," मी म्हणालो, "पांडवांसाठीच."

माझ्या कारकिर्दीतली खोटी साक्ष एवढी एकच. ती देताना मला भलताच आनंद झाला, हेही नोंदवतो.

पनीरचं सामान घमेल्यातूनच शेगडीपर्यंत गेलं. पंगतीत पालेभाज्या आणि तुरी-हरभऱ्याच्या दाण्यांची भज्जी वाढली गेली, किशनरावांनी घसा साफ केला, मी मान खाली घातली.

"जावाई लई शिकलेले हायत," ते म्हणाले, "पर त्येंचा भीम डुलायलाय."

पंगत हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, आणि आणखी एक भाकरी मागितली.