भोक पडलेल्या वांग्याची हमी

कुरुंद्यात विज्ञान शिकवणारा मी एकटाच. त्यामुळे गावाने काय खावं आणि काय खाऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार आपोआप माझ्याकडे आला होता. निदान मी तरी तसं धरून चाललो होतो!

२०१० च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत बीटी वांग्यावरून रण पेटलं होतं. वांग्याच्या जनुकातच असा काही फेरफार केलेला, की ते खाल्लं की अळी मरते. मग माणसाचं काय? हे वांगं अजून बाजारात यायचंच होतं, पण मी त्याला आधीच पकडायला निघालो. हिंगोलीच्या पर्यावरण शिबिरातून मी एक कापडी पिशवी आणि एक स्वतःचा शोध घेऊन परतलो : ज्या वांग्यात अळी, ते वांगं खात्रीचं. अळी म्हणजे आपला फुकटातला तपासनीस!

बाजाराच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून मी अमीरबीपुढे उभा राहिलो. अमीरबी म्हणजे शिलाईवाल्या मकबूलची बायको. पाच गुंठ्यांत तिने पहिल्यांदाच वांगी लावली होती आणि सगळा जीव त्यांत ओतला होता. रोज सकाळी हाताने अळ्या वेचायची. टोपलीतली वांगी नुकती अंघोळ घातलेल्या लेकरांसारखी चकचकत होती.

"भोक पडलेलं एखादं तरी आहे का?" मी विचारलं.

"न्हाई सर," ती अभिमानाने म्हणाली. "भोक बी न्हाई, अळी बी न्हाई. एक जरी सापडली तर अख्खी टोपली तुमची."

झालं! मी तिथेच अर्धा तास व्याख्यान झोडलं. लोक जमले, त्यांनी माना डोलावल्या आणि वांगी न घेताच पांगले. संध्याकाळी भरलेली टोपली तशीच मकबूलच्या सायकलवर चढली. मला वाईट वाटलं. पण गावाच्या आरोग्यापुढे एका टोपलीचं काय घेऊन बसायचं?

पुढच्या बाजारी भाजीवाल्या तातेरावने कमालच केली. एरवी जी किडकी वांगी तो म्हशीपुढे टाकायचा, ती त्याने 'सरांच्या पसंतीची' म्हणून मांडली आणि दुपारपर्यंत संपवलीसुद्धा! अमीरबीची टोपली पुन्हा घरी. तिच्या शेतातली वांगी जून होऊन पिवळी पडायला लागल्याचं कानावर आलं.

तिसऱ्या बाजारी मात्र तिच्या प्रत्येक वांग्याला भोक! तासाभरात टोपली रिकामी. मी स्वतः दोन किलो घेतली आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

आमच्या सौभाग्यवती पद्माबाई विळीवर बसल्या. दहा वांगी चिरली, एकातही अळी नाही. भोकं मात्र सगळी देठापासून दोन बोटांवर, शर्टाच्या काजांसारखी एका मापाची. पोट भरल्यावर अळी निघून जाते, असं मी शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं.

"आन येताना टेप घेऊन आली व्हती का?" पद्माबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी नवराबायको दारात. मकबूलने मान खाली घालून खिशातलं दाभण काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"सर, माल चोख असून त्याला भोकसावं लागून राहिलं," अमीरबी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "काहून असं केलं तुमी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मास्तरकी आडवी आली. बियाणं कुठलं, त्याचा पुरावा काय, असं मी विचारलंच. तिने कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून दिली. वर लिहिलं होतं : 'देशी काटेरी वांगे. सासूबाईंचे बियाणे.' अक्षर माझं!

पद्माबाई आपल्या आईकडचं बी दरवर्षी राखेत जपून ठेवतात आणि ओळखीच्या बायकांना वाटतात; पुड्यांवर नाव घालायचं काम तेवढं माझं. ज्याचं बी, त्याच्या घरी पहिला तोडा पोचवायचा, हा त्यांचा रिवाज. म्हणजे अमीरबीची पहिली वांगी आमच्याच घरी आली होती. त्या दिवशी मी तीनदा भाजी मागून घेतल्याची आठवणही पद्माबाईंनी सगळ्यांसमोर करून दिली.

पुढच्या बाजारी मी अमीरबीशेजारी उभा राहून जाहीर केलं, की ही बिनभोकाची वांगी अस्सल देशी आहेत, बिनधास्त घ्या. कुणी हललं नाही.

"मागं तर तुमी उलटं सांगितलं व्हतं," तातेराव म्हणाला. "आता हितंच खाऊन दाखवा."

मी टोपलीतलं सगळ्यात देखणं वांगं उचललं आणि कच्चंच चावलं. हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, तर आत अर्धी अळी वळवळत होती! अमीरबीने पदराने तोंड झाकलं.

"अळी हाय," तातेराव ओरडला. "माल खरा हाय!"

आणि गर्दी टोपलीवर तुटून पडली. दहा मिनिटांत एक वांगं उरलं नाही. अमीरबी रडत होती की हसत होती, कळेना. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पोटातलं तेवढं राहिलं.

अमीरबी शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी वांग्यांची अख्खी टोपली आमच्या दारात हजर! पद्माबाईंनी तेलात न्हाऊ घालून भरली वांगी केली. मी वरणभात खाल्ला. अळी अर्धी होती एवढंच मी घरी सांगितलंय. उरलेली अर्धी कुठे गेली, हे पद्माबाईंनी अजून विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.