सहा नट, सात सिंक

“प्लंबर? माझ्या घरात? मी काय मेलोय?” शुक्रवारी सकाळी साकिउसाने छाती पुढे काढून विचारलं, आणि तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली.

खरं तर त्याच्या बायकोने, लितिआने, प्लंबर मागितलाच नव्हता. तिच्या नव्या सिंकखाली मिनिटाला एक थेंब गळायचा. तिने त्याखाली नारळाची करवंटी ठेवली होती आणि ती मजेत होती. नवं म्हणजे काय, किनाऱ्यावरचं हॉटेल बंद पडलं तेव्हा गावातल्या सात घरांनी तिथली सात सिंक आणली. सहा बसली. सातवं साकिउसाचं. ‘बसवीन, बसवीन’ म्हणत त्याने ते तीन वर्षं अंगणात ठेवलं, आणि त्यात कोंबड्यांच्या दोन पिढ्या जन्माला आल्या! ते आत्ता कुठे एकदाचं बसलं होतं. या तीन वर्षांत लितिआकडे चर्चचं जेवण असलं, की भांडी घासायला सगळ्या बायका शेजारच्या केलेराकडे जायच्या. केलेरा म्हणजे साकिउसाच्या मामेभावाची बायको. “या गं, या! आमच्याकडे सिंक आहे ना!” असं ती काय गोड म्हणायची! लितिआच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता रविवारी पाद्रीबाबांना जेवू घालायची पाळी पुन्हा तिची होती. या वेळी भांडी तिच्या सिंकमध्ये घासली गेली पाहिजेत, बाकी तिला काही नको होतं.

“एक थेंब तरी का गळावा?” साकिउसा म्हणाला. “दहा वर्षं हॉटेलात काढलीत मी!”

दहा वर्षं काढली होती हे खरं. पण ती फाटकापाशी, सलाम ठोकण्यात.

“राहू दे साकी, करवंटी आहे,” लितिआ म्हणाली.

“करवंटी! पाद्रीबाबा काय म्हणतील?”

“पाद्रीबाबा सिंकखाली जेवायला बसणार आहेत का?”

पण तोवर साकिउसा मोठा पाना घेऊन आत शिरला होता. नट घट्ट केला. थेंब थांबला. इथे शहाणा माणूस बाहेर आला असता. साकिउसाने आणखी एक पीळ दिला, आणि कडकन प्लास्टिकचा नट दुभंगला. वरचं सगळं पाणी त्याच्या मांडीवर आलं.

“सापडला दोष!” तो आतून ओरडला.

शनिवारी तो नटाचे दोन तुकडे खिशात घालून बसने सिंगातोका शहरात गेला. दुकानदार धनसुखभाईंनी तुकडे जोडून पाहिले, चष्मा वर केला.

“परदेशी माल आहे हा. इथला नट याला बसायचा नाही. मागवतो. सहा आठवडे लागतील.”

“उद्या पाद्रीबाबा जेवायला यायचेत हो!”

“मग त्यांना सहा आठवड्यांनी बोलवा.”

तरी साकिउसाने तीन नट लावून पाहिले. एक सैल, एक घट्ट, आणि तिसरा पाण्याच्या टाकीचा निघाला.

परतीच्या बसमध्ये त्याच्या डोक्यात उजेड पडला. गावात सात सिंक, सगळी एकाच हॉटेलची. म्हणजे सहा नट शाबूत! आणि आमच्या गावात मागायला लाज कसली? नातलगाच्या दारात जाऊन ‘केरेकेरे’ म्हणून हात पुढे केला, की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. अंगातला शर्ट मागितला तरी उतरवून द्यावा लागतो. आणि एकदा दिलं, की परत मागायचं नाही.

तो थेट मामेभावाकडे, वाइसेआकडे गेला. दोघंही आधी पावसाबद्दल बोलले, मग रग्बीबद्दल.

“काय हवंय ते बोल एकदाचं,” वाइसेआ म्हणाला. “तू रग्बीत आमची तारीफ करतोयस म्हणजे माझं काहीतरी जाणार.”

“केरेकेरे. तुझ्या सिंकखालचा नट.”

“अरे चोरा! परवा माझी होडी नेलीस, आज नट. उद्या केलेराला मागशील!”

“तिला तूच ठेव बाबा. उपकार होतील.”

वाइसेआ शिव्या घालत खाली वाकला आणि नट काढून दिला. आतून केलेराचा आवाज आला, “मग आता मी भांडी समुद्रात घासू का?”

संध्याकाळी साकिउसाने नट बसवला. एक थेंब नाही! त्याने शेजारपाजारच्यांना बोलावून बादलीभर पाणी ओतून दाखवलं. “गावात कुणाचंही सिंक बिघडू दे, मला सांगा! सगळे भाग मिळतील!” लितिआने करवंटी उचलून खिडकीत ठेवली आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. त्याला फार बरं वाटलं.

रविवारचं जेवण झकास झालं. नारळाच्या दुधातला मासा, अळूचे कंद, खड्ड्यात भाजलेलं डुक्कर. लितिआने बायकांना सिंक दोनदा दाखवलं. बायका भांडी गोळा करू लागल्या, तेवढ्यात पाद्रीबाबांनी घसा साफ केला.

“साकिउसा, तू म्हणे सिंकचे सगळे भाग ठेवतोस?”

“अहो, कधीही सांगा!” साकिउसा फुगून म्हणाला.

“काल संध्याकाळी आपला वाइसेआ आला. केरेकेरे म्हणून माझ्या सिंकचा नट घेऊन गेला. नाही कसं म्हणणार? पण बायको कालपासून माझ्याशी बोलत नाही रे. तर... केरेकेरे.”

वाइसेआ छताकडे बघत होता. साकिउसाने लितिआकडे पाहिलं नाही. धीरच झाला नाही.

“आज रविवार आहे, पाद्रीबाबा,” तो कसाबसा म्हणाला. “आज काम करायचं नसतं.”

“नट काढणं म्हणजे काही काम नव्हे,” पाद्रीबाबा मायेने म्हणाले.

साकिउसाने शेवटचा प्रयत्न केला. “वाइसेआ, केरेके...”

“आधी कालचा परत दे, मग आजचा माग!” वाइसेआ ओरडला, आणि सगळं घर हसलं. लितिआ सोडून.

चर्चचा कोट घातलेला आणि लुंगीसारखा नवा सुलु नेसलेला साकिउसा सिंकखाली शिरला. तिथे आडवा असताना त्याला केलेराचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला.

“चला गं सगळ्याजणी! आमच्याकडे सिंक आहे ना!”

भांड्यांचा खणखणाट अंगणातून शेजारी गेला.

साकिउसाने नट काढून पाद्रीबाबांच्या हातावर ठेवला. शेवटी त्याने सायकलची जुनी ट्यूब कापली, फुटक्या नटाचे दोन तुकडे मूळ जागी धरले आणि ती करकचून गुंडाळली. पाणी सोडलं. थांबलं! जवळजवळ. मिनिटाला एक थेंब.

लितिआच्या पावलांचा आवाज आला. ती वाकली. तिने खिडकीतली करवंटी आणून थेंबाखाली ठेवली.

“साकी,” ती म्हणाली, “ही तरी कुणाला देऊ नकोस.”