सहाव्या संघाचे अण्णा

आमच्या गल्लीत सोमवारी सकाळी कुणाचं दार वाजलं की बाई आतूनच ओरडायची, "अण्णा, माफ केलं!" तरी दार उघडेपर्यंत अण्णा हलायचे नाहीत. दार उघडलं की चपला बाजूला काढून, हात जोडून, मान थोडी खाली घालून म्हणायचे, "काल आपण हरलो. माझ्यामुळं हरलो. माफी असू द्या." मग चपला घालून पुढच्या दाराला.

रविवारी सामना, सोमवारी माफी. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत एकाही घराला बेसबॉल म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि काल कुठे सामना झाला याचा पत्ताही नसायचा. पहिल्या सोमवारी तर गोंधळच झाला. हात जोडून उभे असलेले अण्णा पाहून समोरच्या काकूंनी गॅस बंद केला आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"सगळेच गेले की," अण्णा म्हणाले. "एकामागून एक."

काकूंना धरून खाली बसवावं लागलं.

हे मी खिडकीतून पाहिलं आणि मला हसू आलं. माझी पत्नी जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती गेल्यानंतरचं माझं ते पहिलं हसू. ते ओसरल्यावर मी खिडकी लावून घेतली आणि दिवसभर भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे पाहणं टाळलं. अण्णांबद्दल लिहायला बसलो की ती लाज सगळ्यांत आधी वर येते, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

अण्णा म्हणजे गड्डम अण्णा. आजोबा तेलंगणातून इथे मागावर काम करायला आले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि राग आला की दोन्ही सोडून नुसती शिट्टी. तीस वर्षं ते एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. लग्न करायचं राहून गेलं. कसं राहिलं असं कुणी विचारलं तर म्हणतात, "संध्याकाळी सराव असायचा की." मी कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल, म्हणून त्यांच्या तोंडी माझं नाव 'लायब्ररीसाहेब'.

शाळेत त्यांनी बेसबॉल आणला तो काही अमेरिकेच्या प्रेमाने नव्हे. क्रिकेटच्या संघात शिरायला ओळख लागते, बेसबॉलच्या संघात नुसतं हजर राहावं लागतं. आणि प्रमाणपत्र दोन्हीकडे सारखंच मिळतं. त्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागा मिळतात. अण्णांची कितीतरी मुलं त्या वाटेने खाकीत गेली. चौकात एखादा वाहतूक पोलीस अण्णांना पाहून सलाम ठोकतो, तेव्हा त्यांच्या सायकलवर मागे बसलेला मी उगाच अवघडतो.

मग देशात बेसबॉलची व्यावसायिक लीग निघाली. आधी चार संघ होते. दुसऱ्या वर्षी दोन वाढवले. पाचवा एका मोठ्या शहराला मिळाला आणि सहावा, कुणाला कसं ते कळलं नाही, सोलापूरला. एका टॉवेल कारखानदाराने तो घेतला. त्याला नावात वाघ हवा होता. अण्णा म्हणाले, "सोलापुरात वाघ कुठं पाहिला तुम्ही? चादरीवर?" त्यांनी 'सोलापूर धोटे' हे नाव सुचवलं. धोटा म्हणजे मागावर दोरा घेऊन या कडेहून त्या कडेला पळणारा होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा. "पळतो, परत येतो. बेसबॉलमध्ये दुसरं काय असतं, साहेब?" नाव ठरलं. अण्णांना 'संघपालक' असं पद मिळालं. ते नेमकं काय असतं हे मालकालाही माहीत नव्हतं.

नव्या संघाला खेळाडू हवेत म्हणून जुन्या चार संघांनी आपले दोन-दोन सोडायचे, असा नियम होता. चांगला कोण सोडेल? एकाचा गुडघा गेलेला, एक चष्मा हटकून खोलीवर विसरणारा, एक उंच पंजाबी मुलगा शेंगाचटणीच्या पहिल्या घासाला असा खोकला की दोन दिवस मैदानात उतरला नाही. अण्णांना यात काही नवल वाटलं नाही. "वेगळं राहायला निघालेल्या सुनेला सासू भांडी देती की, साहेब. तळ गेलेलं पातेलं, कान तुटलेली कढई. तिनं त्यातच रांधायचं."

उरलेल्या जागा अण्णांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांनी भरल्या. त्यातला एक दत्ता. मूळचा मोडनिंबचा, शाळेपुरता सोलापुरात मामाकडे राहिलेला. चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. अण्णा त्याच्या आईकडे गेले आणि म्हणाले, "ताई, एक वर्ष द्या मला पोरगं." आईने दिलं.

या संघाच्या पहिल्या वर्षाचा इतिहास कुणी लिहील असं वाटत नाही. लिहिला तर एका ओळीत मावेल: हरले. बाहेर हरले, घरी हरले. एकदा पाहुण्या संघाची बस वाटेत बंद पडली म्हणून सामना आयता मिळणार होता, तर अण्णांनीच दुसरी गाडी पाठवून त्यांना आणलं, आणि मग हरले. प्रशिक्षक बाहेरगावचे होते. एप्रिलचं ऊन लागलं तसे ते सुट्टीवर गेले आणि परत आलेच नाहीत. बाकड्यावरून पिचरला खुणा करायचं काम अण्णांवर आलं. टोपीला हात लावला की सरळ टाक. कानाला लावला की वळवून. छातीवर ठेवला की थांब, श्वास घे.

मलाही त्यांनीच ओढून नेलं. "घरी बसून काय करता? भिंत पडती का तुम्ही धरली न्हाई तर?" पाण्याच्या जारांवर माझी नेमणूक झाली. संघाची लाल टोपी मिळाली. ती मी घरून निघताना पिशवीत ठेवायचो आणि मैदानाच्या फाटकाशी घालायचो. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर? बायको जाऊन सहा महिने नाहीत आणि हा लाल टोपी घालून चाललाय, असं कुणी म्हटलं तर? तसं कधी कुणी म्हटलं नाही. मीच रोज म्हणायचो.

एक गोष्ट तिथे माझ्या लक्षात आली. हरल्यावर मैदानातून बाहेर पडताना अण्णा सगळ्यांच्या पुढे चालायचे. फाटकाशी चहाच्या गाडीवर टवाळ पोरं ठरलेली. "अण्णा, धोटं अडकलं का मागात?"

"अडकलं की. माझ्यामुळं."

"अण्णा, एखादी तरी जिंका की ओ, पेढे खायचे राहिलेत."

"माझ्यामुळं राहिलेत."

एवढं बोलणं होईपर्यंत मागची मुलं मान खाली घालून निघून गेलेली असायची.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. ऊन चढण्याआधी उरकावा म्हणून सकाळी ठेवलेला. आणि त्या दिवशी, काय झालं कोण जाणे, आम्ही बरोबरीत होतो. शेवटची खेळी, नाणेफेकीने समोरच्यांकडे गेलेली. धावताना एकामागून एक गाठायच्या तिन्ही ठाण्यांवर त्यांची तीन मुलं येऊन उभी. दत्ताच्या हातात चेंडू. इथे एक नियम सांगावा लागेल. पिचरने चार चेंडू भलतीकडे टाकले की फलंदाजाला फुकट पहिलं ठाणं मिळतं. तिन्ही ठाणी भरलेली असली तर सगळे एकेक घर पुढे सरकतात, आणि तिसऱ्या ठाण्यावरचा चालत येऊन धाव मिळवतो.

दत्ताने पहिला चेंडू बाहेर टाकला. बाकड्याकडे पाहिलं. दुसरा बाहेर. पुन्हा पाहिलं. तिसरा. चौथा तर जमिनीवर आपटून आमच्या जारापाशी आला.

त्या वेळात अण्णा माझ्या शेजारी बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून, डोळे गच्च मिटून. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील.

बॅट चेंडूला लागलीही नाही आणि आम्ही हरलो. जिंकलेल्यांनाही उडी मारायला संकोच वाटला. एकमेकांच्या पाठीवर हलकेच थापा मारून ते बसमध्ये जाऊन बसले. दत्ता अंगावरच्या त्याच कपड्यांत मोडनिंबला निघून गेला. संध्याकाळपर्यंत त्या चार चेंडूंचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. कुणीतरी त्याला लग्नाच्या बँडचं संगीत लावलं होतं.

सोमवारी सकाळी अण्णा माझ्या दारात. "साहेब, चला. दत्ताचा फोन बंद हाय. आज गल्लीची माफी दुपारी."

आम्ही एसटी पकडली. मोडनिंबला उतरून आम्ही दत्ताच्या घरी पोचलो तेव्हा त्याची आई अंगणात कांदा निवडत होती. तिने आम्हाला या म्हटलं नाही, आणि बसू नकाही म्हटलं नाही.

"कालपास्नं जेवल्यालं न्हाय पोरगं," ती कांद्याकडे बघत म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून पडलंय. पारावरची पोरं इचारत्यात, मॅच किती किलोनं इकली म्हणून. भरतीचं वरीस ग्येलं, ते ग्येलं. वर ह्ये."

आत खाटेवर दत्ताची पाठ दिसत होती. अंगावर अजून तोच लाल सदरा.

अण्णांनी चपला काढल्या, हात जोडले. "ताई, त्याचा दोष न्हाई. खूण मी केली होती. बाहेर टाक, म्हणून मीच सांगितलं. त्यानं ऐकलं."

तिचे हात थांबले. "तुमी सांगितलं?"

"मीच की."

"हरायला?"

"डाव होता माझा एक. फसला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी शिकल्यालं दिसताय. खरं हाय का ह्ये?"

चाळीस वर्षं मी पुस्तकं जागच्या जागी ठेवण्याची नोकरी केली. वाकडं बोलायची सवय नाही. आत खाटेवरची पाठ किंचित हललेली मला दिसली.

"व्हय," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघाला असेल.

मग ती बाई अण्णांना जे बोलली ते सगळं इथे लिहिता येणार नाही. पिकलेल्या केसांपासून सुरुवात झाली. "असला कसला ओ तुमचा डाव? पोराच्या इज्जतीवर खेळायला लाज न्हाय वाटली? शाळा शिकवत व्हता का जुगार?" मी मान वर करू शकत नव्हतो. अण्णा मात्र एकेक वाक्य प्रसाद घ्यावा तसं घेत होते. मध्येच "बरोबर", मध्येच "चुकलंच", आणि ती थकेल तसा त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

शेवटी ती उठली. "ऊठ रं दत्ता. ह्ये म्हातारं कबूल करतंय त्येचीच चूक हाय म्हणून. जेव आता." मग आमच्याकडे न बघता, "तुमीबी बसा. उपाशी जायाला ह्ये काय हॉटेल न्हाय." भाकरी आणि कांद्याची पात आली. दत्ता बाहेर येऊन बसला आणि खाली बघून जेवला. त्याने तिसरी भाकरी मोडली तेव्हा आईने स्वतःचं ताट वाढून घेतलं.

तो आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. घर मागे पडल्यावर म्हणाला, "अण्णा, चारी बारीला तुमच्याकडं बघितलं मी."

अण्णा चालत राहिले.

"डोळं झाकल्यालं व्हतं तुमचं."

अण्णा थांबले. गल्लीतल्या प्रत्येक दारात, चहाच्या गाडीवर, आत्ता अंगणात ज्या माणसाच्या तोंडी 'माझ्यामुळं' हा शब्द तयार असायचा, त्या माणसाचं तोंड उघडलं आणि तो शब्द आला नाही. हात टोपीकडे गेला, तिथून कानाकडे, मग छातीवर येऊन तिथेच राहिला. माझ्या पत्नीच्या दहाव्याला मी घाटावर तसाच उभा होतो. सगळे म्हणत होते, काहीतरी बोला तिच्याशी.

मग दत्ताच म्हणाला, "असू द्या. आईला सांगू नका. आत्ताच कुटं चार घास खाल्ल्यात तिनं."

थांब्यावर गर्दी होती. बाजारातून माघारी निघालेली माणसं, पोती, कोंबड्यांची एक पाटी. सोलापूरची एसटी आली ती आधीच भरलेली, थांबते न थांबते अशी. लोक दाराकडे धावले. अण्णा आपले होते तिथेच, छातीवर हात ठेवून. त्यांच्या खांद्यावर उन्हासाठी घेतलेला टॉवेल होता. दत्ताने तो ओढून घेतला, दोन पिळे दिले, गोळा केला, आणि उजवा पाय मागे घेऊन फेकला. गर्दीच्या डोक्यावरून, दोन गजांमधून, तिसऱ्या खिडकीत. आत कुणीतरी नुकतंच उठत होतं, त्याच जागेवर तो जाऊन पडला.

आम्ही चढलो. मला जागा मिळाली नाही. मी दांडा धरून उभा राहिलो. अण्णा त्या जागेपाशी आले तरी बसेनात, नुसतेच टॉवेलकडे बघत उभे. मागून कंडक्टर तिकिटाची पेटी सावरत ओरडला, "ओ, टॉवेल कुणाचा ह्यो? बसा न्हाय तर उचला."

अण्णांनी मान वर केली. साऱ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आमच्या पिचरचा."