फुगाजीचं दुपारचं स्वप्न

एका जंगलात एक तळं होतं, बालमित्रांनो. तळ्याशिवाय बेडकाची गोष्ट कशी सांगणार? तर त्या तळ्यात फुगाजी नावाचा बेडूक आपल्या पद्मिनी नावाच्या बायकोबरोबर राहत असे.

भरपेट माश्या खाऊन फुगाजी रोज दुपारी काठच्या दगडावर वामकुक्षी घेई. आणि रोज त्याला एकच स्वप्न पडे. पाण्यात दोन काळ्या काड्या उभ्या आहेत. त्या हळूच पुढे सरकतात. मग वरून एक लांब चोच खाली येऊ लागते. एवढ्यात फुगाजी दचकून पाण्यात उडी मारी.

"या स्वप्नाचा अर्थ काय असेल गं?" त्यानं एकदा बायकोला विचारलं.

"अहो, ते स्वप्न नाही. तुम्ही अर्धे डोळे उघडे ठेवून झोपता. समोर बगळा असतो. दचकता म्हणून जिवंत आहात. दचकत राहा."

फुगाजीला फार वाईट वाटलं. या स्वप्नामुळे तळ्यात त्याचा भाव वाढला होता. बाकीच्यांना आपली साधी स्वप्नं पडत, तीही रोज वेगळी.

"एवढं मोठं स्वप्न, आणि अर्थ काय, तर बगळा?" तो म्हणाला.

"अर्थ नाही हो. बगळाच."

फुगाजी रागारागानं स्वप्नतज्ज्ञ स्वामी श्वेतानंदांकडे गेला. स्वामी एका पायावर उभे राहून डोळे मिटून असत. ते कोण, हे तुम्ही ओळखलंत. फुगाजीनं नाही ओळखलं, कारण तो तुमच्यापेक्षा जास्त शिकलेला होता. पण सवयीनं त्यानं लांबूनच नमस्कार केला.

"दोन काड्या म्हणजे तुझं द्विधा मन," स्वामी म्हणाले.

"आणि चोच, महाराज?"

"वरून येणारी संधी. ती आली की तू उडी मारून पळतोस, बाळ."

फुगाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचे वडीलही जन्मभर अशाच उड्या मारत राहिले होते.

"उद्या स्वप्न शेवटपर्यंत बघ. दचकू नकोस. आणि अंघोळ करून झोप, चिखल बरा नव्हे."

दुसऱ्या दिवशी पद्मिनीनं त्याचा पाय धरून ओढला. "हात जोडते, त्या दगडावर नका जाऊ!"

"सोड. आज अर्थ कळणार आहे."

तो दगडावर झोपला. काड्या आल्या. सरकल्या. चोच खाली आली. फुगाजी हलला नाही. उलट जरासा हसला.

त्या दिवसापासून फुगाजीला ते स्वप्न पुन्हा पडलं नाही.

"गुण आला!" तळ्यात बातमी पसरली. पद्मिनी ऊर बडवून सांगत होती, बगळ्यानं खाल्लं हो त्यांना! वडीलधारे म्हणाले, दुःखात बाई काहीही बोलते. दुसऱ्या दिवशी त्या दगडापाशी स्वच्छ अंघोळ केलेल्या बेडकांची रांग लागली. सगळ्यांना आता तेच स्वप्न पडू लागलं होतं.

तात्पर्य : छळणारं स्वप्न कायमचं थांबवायचं असेल, तर तज्ज्ञाकडेच जावं. बायकोचं ऐकत बसलात, तर ते म्हातारपणापर्यंत पडत राहील.